रक्ताची परीक्षा : ओकलंडपासून विदर्भापर्यंत

‘पँथर’ हे नाव आपण अमेरिकेतल्या काळ्या माणसांकडून घेतले, हे चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९६६ च्या ऑक्टोबरात ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांची काळी जाकिटे, त्यांच्या हातातल्या बंदुका, त्यांच्या भाषणांतला अंगार यांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. काळ्यांचे साहित्य आणि दलित साहित्य यांचे नाते हा तर परिसंवादांचा नेहमीचा विषय झाला. परंतु ज्या वर्षी दलित पँथर जन्मली त्याच वर्षी ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते दारोदार जाऊन आपल्या माणसांच्या बोटाला सुई टोचत होते आणि रक्त तपासत होते, ही गोष्ट आपल्या चर्चेत क्वचितच येते. ते ज्या रोगाची परीक्षा करीत होते तो रोग आपल्याही घरात होता. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या मुले नेत होता. त्याचे नाव सिकलसेल.

या रोगाचा इतिहास केवळ वैद्यकाचा इतिहास नाही. रक्त कोणी तपासायचे, कशासाठी तपासायचे आणि तपासल्यावर त्या माणसाच्या हाती काय पडायचे, हे तीन प्रश्न त्यात पहिल्यापासून आहेत. त्यांची उत्तरे प्रयोगशाळेत ठरत नाहीत, समाजात ठरतात. म्हणून हा इतिहास आपण आपल्या नजरेने वाचला पाहिजे.

१

१९०४ सालच्या डिसेंबरात शिकागोच्या एका इस्पितळात वीस वर्षांचा एक काळा विद्यार्थी दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यकी शिकायला आला होता. ताप, खोकला, धाप आणि पायांवर जखमांचे व्रण. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गोल तांबड्या पेशींमध्ये काही पेशी लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० च्या नोव्हेंबरात या रुग्णावर निबंध प्रसिद्ध केला. सिकलसेलचा वैद्यकीय इतिहास येथून सुरू झाला असे पाठ्यपुस्तके सांगतात.

त्या निबंधात पेशींची छायाचित्रे आहेत, रुग्णाचे नाव मात्र नाही. तो वॉल्टर क्लेमेंट नोएल होता हे १९८९ साली, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी, दोन संशोधकांनी शोधून प्रसिद्ध केले. नोएलने शिक्षण पुरे केले, तो आपल्या बेटावर परतला, त्याने दवाखाना चालवला आणि १९१६ साली बत्तिसाव्या वर्षी न्यूमोनियाने तो गेला. रोगाला नाव मिळाले, डॉक्टरांना कीर्ती मिळाली, ज्याचे रक्त होते तो माणूस मात्र पाऊणशे वर्षांहून अधिक काळ निनावी राहिला. आपल्याला या गोष्टीचे नवल वाटायचे कारण नाही.

आणि १९१० ही तरी सुरुवात होती काय? घानाचे डॉक्टर फेलिक्स कोनोटे-आहुलू यांनी दाखवून दिले आहे की पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक भाषांत या दुखण्याला फार पूर्वीपासून स्वतःची नावे होती. त्या नावांत एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो, कारण हाडे आणि सांधे पुन्हा पुन्हा दुखतात. ज्यांनी दुःख सोसले त्यांनी ते ओळखले होते. फक्त त्यांची ओळख ‘ज्ञान’ म्हणून कोणी मोजली नव्हती.

२

आता थोडे विज्ञान पाहू. कार्यकर्त्याला ते ठाऊक नसेल तर पुढचा सगळा वाद हवेत राहील.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. या रोगात हिमोग्लोबिन थोडे निराळे बनते. प्राणवायू कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे लांब होतात आणि पेशीला आतून वाकवतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी झालेली पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे. ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडांत असह्य कळा. पाणथरी निकामी होते, म्हणून लहान मूल साध्या वाटणाऱ्या जंतुसंसर्गाने दोन दिवसांत जाते. ‘पोराला कावीळ झाली’, ‘त्याला वात आहे’, ‘कामचुकार आहे, थंडी पडली की अंथरूण धरतो’, असे ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांतल्या कित्येकांच्या रक्तात हा विळा होता.

१९१७ साली व्हिक्टर एमेल यांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर हवाबंद ठेवून पेशी वाकताना दाखवल्या. ही पहिली चाचणी. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनची गती मोजून सिद्ध केले की दोष रेणूतच आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी अनुवंशाचा हिशेब स्पष्ट केला. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी दाखवले की हिमोग्लोबिनच्या एका साखळीतल्या १४६ दुव्यांपैकी फक्त सहावा दुवा बदललेला असतो. एवढ्याशा फरकाने माणसाचे आयुष्य बदलते.

अनुवंशाचा हिशेब असा. प्रत्येकाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळते. दोन्ही चांगली असली तर ‘एए’. एकच सिकलचे असेल तर ‘एएस’, हा वाहक. दोन्ही सिकलची असतील तर ‘एसएस’, हा रुग्ण. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, शाळेत शिकतो, फौजेत जातो आणि म्हातारा होऊन मरतो. परंतु दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली असा याचा अर्थ नाही; फासा दर वेळी नव्याने पडतो.

चाचण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली सोल्युबिलिटी चाचणी. एका नळीत रसायन घेऊन त्यात रक्ताचे दोन-चार थेंब टाकायचे आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सिकल नाही. द्रव गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकल आहे. पाच-दहा मिनिटांचे काम, खर्च किरकोळ. परंतु वाहकाची नळीही गढूळ होते आणि रुग्णाचीही. या दोघांत फरक करणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती फसवी ठरते, कारण बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुष्कळ असते. खरा निवाडा दुसऱ्या चाचणीने होतो. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या प्रवाहाने दोन हिमोग्लोबिनांचे पट्टे वेगळे होतात. आज त्यासाठी आणखी अचूक यंत्रेही आहेत. पहिली चाचणी संशय देते, दुसरी निकाल. या दोहोंतले अंतर ज्यांनी विसरले त्यांनी माणसांचे मोठे नुकसान केले. तो इतिहास आता पाहू.

३

१९७० साली रॉबर्ट स्कॉट या अमेरिकन डॉक्टराने एक साधा हिशेब मांडला. १९६७ मध्ये सिकलसेलची अंदाजे १,१५५ नवी मुले जन्मली. सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः गोऱ्यांत आढळणाऱ्या रोगाची १,२०६. आकडे जवळजवळ सारखे. परंतु स्वयंसेवी संस्थांनी दुसऱ्या रोगासाठी १९ लाख डॉलर जमवले आणि सिकलसेलसाठी एक लाखही जमले नाहीत. रोग कोणाला होतो यावरून त्याची किंमत ठरते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

१९७१ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने हा प्रश्न हातात घेतला. आपल्या वृत्तपत्रातून त्यांनी सिकलसेलच्या उपेक्षेला वंशसंहार म्हटले. पक्षाने आपल्या शाखांना मोफत दवाखाने काढायला लावले होते. तेथे ही चाचणी सुरू झाली. कार्यकर्ते घरोघर गेले. १९७२ च्या मार्चअखेरीस ओकलंडमध्ये भरलेल्या तीन दिवसांच्या परिषदेत एका बाजूला शिधा वाटला जात होता आणि दुसऱ्या बाजूला हजारो माणसांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला जात होता. त्याच वर्षी पक्षाच्या दहा कलमी कार्यक्रमात मोफत आरोग्यसेवेची मागणी दाखल झाली.

या कामाचे मोल कशात होते? काळ्या माणसाला गोऱ्या डॉक्टराच्या सुईचे भय होते आणि त्या भयाला इतिहासाचा आधार होता. टस्कीगी येथे काळ्या शेतमजुरांवर १९३२ पासून उपचार न करता उपदंशाचा अभ्यास चालला होता, हे १९७२ च्याच जुलैमध्ये जगापुढे आले. अशा समाजात सुई धरणारा हात आपला असणे हीच मोठी गोष्ट होती. रोग म्हणजे शरम नव्हे, देवाचा कोप नव्हे, त्याविषयी विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्या हाताने सांगितले. मर्यादाही होत्या. बोटातून थेंब काढणे सोपे. गढूळ नळीनंतर दुसरी चाचणी करणे, त्या घरात पुन्हा जाणे, तासभर बसून समजावणे हे अवघड. ते सगळीकडे जमले असे म्हणता येणार नाही.

दरम्यान सत्ताही हलली होती. अध्यक्ष निक्सन यांनी १९७१ च्या आरोग्यविषयक संदेशात सिकलसेलचा उल्लेख केला आणि १६ मे १९७२ रोजी सिकलसेल नियंत्रणाच्या राष्ट्रीय कायद्यावर सही केली. ज्या रोगाकडे साठ वर्षे कोणी पाहिले नव्हते त्याला दोन वर्षांत कायदा मिळाला. यामागे काळ्या डॉक्टरांचे दीर्घ परिश्रम होते, तसा रस्त्यावरच्या चळवळीचा रेटाही होता.

४

परंतु कायदा आला म्हणजे न्याय आला असे होत नाही. केंद्राच्या कायद्यात चाचणी ऐच्छिक होती. त्याच सुमारास अनेक राज्यांनी मात्र ती सक्तीची केली. कोठे शाळेत प्रवेश घेताना, कोठे लग्नाचा परवाना काढताना, कोठे तुरुंगात. काही कायद्यांच्या मसुद्यांत वाहक आणि रुग्ण यांतला फरकही धड केलेला नव्हता. चाचणी झाली, पण समुपदेशन नव्हते. निकाल आला, पण गुप्तता नव्हती. परिणामी धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले. विमान कंपन्यांनी वाहकांना उड्डाणाच्या कामावरून दूर केले. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्या पॉलिंग यांनी रोगाचे मूळ रेणूत दाखवले त्यांनीच १९६८ साली सुचवले होते की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडण्याआधी एकमेकांना ओळखतील. हेतू दुःख टाळण्याचा होता, हे मान्य. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला त्यांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

चाचणीला खरा अर्थ आला तो १९८६ मध्ये. लहान रुग्णांना रोज पेनिसिलीन दिले तर न्यूमोकोकस जंतूचे घातक संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात असे त्या वर्षी सिद्ध झाले. आता जन्मताच रक्त तपासण्याला कारण मिळाले, कारण तपासल्यावर मुलाला द्यायला काहीतरी होते. १९९८ मध्ये हायड्रॉक्सीयुरिया या गोळीला तेथे मान्यता मिळाली. तिने कळांचे झटके कमी होतात. यातून एकच तत्त्व निघते. जिच्यामागे औषध, सल्ला आणि आदर उभा आहे ती चाचणी माणसाला उभे करते. जिच्यामागे काहीच नाही ती फक्त शिक्का मारते.

५

आता आपल्याकडे वळू. भारतात हा दोष प्रथम नोंदला गेला १९५२ मध्ये. लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीच्या आदिवासींत तो दाखवला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही तो आढळला. १९५६ मध्ये सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी पश्चिम भारतातल्या काही आदिवासी जमातींची नोंद प्रसिद्ध केली. १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शुक्ला आणि सोळंकी यांचे मध्य भारताविषयीचे निबंध आले आणि महार समाजात हा दोष आहे हे जगाच्या वैद्यकापुढे गेले. ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर नवा जन्म घेतला त्याच नागपुरात, दोनच वर्षांनी, त्यांच्या रक्तातला हा जुना वारसा कागदावर आला. दीक्षेची वार्ता घराघरांत पोहोचली. निबंध ग्रंथालयात राहिले.

त्या काळच्या संशोधनाचा एक मोठा प्रश्न होता : हे लोक मूळचे कोण? सिकलचा दोष आफ्रिकेत आहे आणि येथेही आहे, तर वंशाचा धागा जोडता येईल काय? रक्त तपासले गेले ते पुष्कळदा वंशाचे कोडे सोडवण्यासाठी. पुढच्या संशोधनाने ते कोडेही बदलले. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले होते की एका सिकल जनुकाने हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे हिवतापाच्या मुलखात शतकानुशतके राहणाऱ्यांत हे जनुक टिकते आणि वाढते. ग्रीस, सिसिली, अरबस्तान येथेही ते आहे. आपल्याकडे ते बौद्धांत आणि महारांत आहे, गोंड, परधान, भिल्ल, पावरा यांत आहे. कुणब्यांत आणि तेल्यांतही आहे. म्हणून ‘हा अमक्या जातीचा रोग’ असे म्हणणारा विज्ञान बोलत नाही, मनुस्मृती बोलतो. रक्ताने येथे जात पाहिली नाही, डास पाहिला.

मात्र जातीचा संबंधच नाही असेही नव्हे. ज्या १९१६ साली नोएल ग्रेनाडात मरण पावला त्याच साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला आणि जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले. हे जनुक जातीने निर्माण केलेले नाही. पण जातीच्या कुंपणाने ते त्याच त्या कुळांत फिरत ठेवले आणि वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढवली. म्हणून आंतरजातीय विवाह हा सिकलसेलवर रामबाण उपाय आहे असे कोणी सांगू नये. दुसऱ्या जातीतला जोडीदारही वाहक असू शकतो. रक्त दोघांचेही तपासले पाहिजे.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. मुलीचे रक्त विचारले जाते, मुलाचे नाही. मुलगी वाहक निघाली की स्थळ परत जाते, जणू तिला महारोग झाला. एसएस मूल झाले की दोष आईच्या माथी मारला जातो, आणि चारात एक हा हिशेब बापाच्या जनुकाशिवाय पुराच होत नाही हे कोणी सांगत नाही. पत्रिका जुळवण्याची चाल सोडलेल्या आपल्या समाजाने रक्ताच्या कार्डाची नवी पत्रिका करून बाईलाच अपशकुनी ठरवावे, ही बाब चळवळीला शोभणारी नाही.

रुग्णांच्या कुटुंबांनी स्वतः संघटित होण्याची परंपरा विदर्भात आहे, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी या रोगाच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र शासनाचा नियंत्रण कार्यक्रम या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. पण त्यातही मेख आहे. चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या रुग्णाला उच्च शिक्षणातल्या राखीव जागांचा लाभ मिळतो. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या यादीत मात्र रक्ताचे विकार नाहीत. शिक असे म्हणायचे आणि काम मागायला आला की दार लावायचे!

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. सतरा राज्यांत शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. कोट्यवधी लोकांचे रक्त तपासलेही गेले. या मोहिमेचे स्वागत करताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, तिची आखणी मुख्यतः आदिवासीबहुल भागांभोवती आहे. आदिवासींचा हक्क निर्विवाद आहे. पण नागपूर-भंडाऱ्यातल्या बौद्ध वस्तीतले मूल त्या नकाशात कोठे बसते? दुसरा, निर्मूलन कशाचे? रोगाचे की रुग्णांचे? यश जर केवळ ‘किती लग्ने टळली’ यावर मोजले गेले तर आज जिवंत असलेल्या मुलाला पेनिसिलीन, लस, हायड्रॉक्सीयुरिया, रक्त आणि शाळेतली सवलत मिळाली की नाही हे कोण मोजणार? २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत या रोगावरच्या जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. त्यांतल्या एकाची किंमत बावीस लाख डॉलर आहे. ज्या रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात साधी गोळी नियमित मिळत नाही त्याला या वार्तेतून काय मिळणार?

म्हणून ओकलंडच्या त्या थेंबाकडे पुन्हा पाहायचे. पँथरांनी केले ते अवघड नव्हते. आपल्या वस्तीतल्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला, समता सैनिक दलातल्या तरुणाला वाहक आणि रुग्ण यांतला फरक पाच मिनिटांत समजतो आणि तो दुसऱ्याला पाच मिनिटांत समजावता येतो. विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी देता येईल. गढूळ नळीवर थांबू नका, दुसरी चाचणी मागा. मुलीआधी मुलाचे रक्त तपासा. निकाल ज्याचा त्याच्या हाती द्या, गावाच्या तोंडी देऊ नका. आणि कार्ड हातात आले की त्याच दवाखान्याच्या दारात उभे राहून विचारा, औषध कोठे आहे?